खरं नसलं तरी चालेल

गुरुवारी दुपारी दोन वाजता हांगाई-सानची बायको तुम्हाला भेटायला येईल, असा नागरिक-केंद्रातून फोन आला तेव्हा सुचेता पोह्यांसाठी फोडणी करत होती. ती फोडणी जळली. जळू दे मेली, म्हणत तिनं गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"त्यांच्या मिस्टरांची इंग्रजीची वही तुमच्याकडेच आहे ना, सेन्सेई?" केंद्रातली मुलगी अगदी मऊ आवाजात विचारत होती; इथे जपानात शिकवणाऱ्याला सेन्सेई म्हणतात, आणि नावापुढे आपल्या ‘जी’सारखं ‘सान’ लावतात. "अस्थी कुठे ठेवायच्या ते त्यांना रविवारच्या आत ठरवायचंय. वहीत त्याबद्दल काही लिहिलंय का ते तुमच्याकडून ऐकायचंय म्हणे. त्यांना इंग्रजीचं अक्षरही येत नाही."

वही होती की. कपाटात, टॉवेलांच्या खाली, सगळ्यात आत. वही का कोणी टॉवेलांखाली ठेवतं? पण महिनाभरापूर्वी सुचेतानं ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचली होती आणि मग ती डोळ्यांसमोर नको म्हणून तिथे कोंबली होती. आता ती काढावी लागणार होती आणि तिच्यातलं त्या बाईला मोठ्यानं सांगावं लागणार होतं.

आता ही वही कसली ते सांगते. सुचेता म्हणजे नाशिकच्या कॉलेजात अकरा वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई. नाकावर माशी बसू द्यायची नाही. नवरा श्याम सॉफ्टवेअरच्या कंत्राटावर तोक्योत आला, कोतो वॉर्डात नवव्या मजल्यावर घर मिळालं, ओवी शाळेत जायला लागली, आणि ही दिवसभर कचऱ्याचे प्रकार पाठ करत बसली: आज जळणारा, उद्या प्लास्टिक, परवा बाटल्या. दुसऱ्या वर्षी तिनं हात टेकले आणि केंद्रात जाऊन सांगितलं की मला शिकवायला काहीतरी द्या, नाहीतर मी या बाटल्यांनाच इंग्रजी शिकवायला लागेन. त्यांनी तिला दर मंगळवारी दहा वाजताचा वर्ग दिला. आठ विद्यार्थी, सगळे पेन्शनीतले.

मंडळी शब्द पुष्कळ पाठ करून यायची, पण वाक्यात वेळेचा शब्द आला की घोटाळा. ऑलवेज कुठे घालायचा, रेअरली कुठे, स्टिल कुठल्या क्रियापदाला शोभतो आणि हार्डली कुठल्याला, याचा पत्ता नाही. सुचेताला त्याचा भारी शौक. लग्नं जुळवणाऱ्या बाईच्या उत्साहानं ती फळ्यावर जोड्या लावत बसायची. युज्वली उठतो, रेअरली बाहेर जेवतो, ऑलरेडी निघाला, सून परत येईल. आणि दर आठवड्याला प्रत्येकानं घरून पाच वाक्यं लिहून आणायची, रोजच्या जगण्यातली. मोरिता नावाच्या बँकेतून निवृत्त झालेल्या बाईंनी पहिल्याच दिवशी हात वर करून विचारलं होतं, "सेन्सेई, पण माझ्या आयुष्यात आठवड्याला पाच गोष्टी घडतच नाहीत. काय लिहू?"

"खरं नसलं तरी चालेल," सुचेता हसून म्हणाली होती. "वाक्य बरोबर असलं म्हणजे झालं."

सगळे हसले आणि सगळ्यांनी ते वहीत लिहूनही घेतलं. मोरिताबाई तर मग दर आठवड्याला पॅरिसला जाऊन यायला लागल्या.

हांगाई-सान पुढच्या शरद ऋतूत आले. अडुसष्ट वर्षांचे, रुंद पंजांचे, शर्टाचं वरचं बटणही लावणारे. फुकुशिमाच्या किनाऱ्याकडच्या एका गावात त्यांच्या गाई होत्या. भूकंपानंतर अणुभट्टीपायी गाव रिकामं करावं लागलं, तेव्हापासून ते कोतोत, अशा लोकांना दिलेल्या सरकारी इमारतीत एकटे राहत होते. बायको निइगाताला लेकीकडे, नातवंडं सांभाळायला. सहा महिन्यांचा प्रश्न आहे म्हणून वेगळे झाले होते, त्याला सहा वर्षं होत आली होती. एवढं सुचेताला माहीत होतं. म्हणजे नाव-पत्त्याच्या फॉर्मवर होतं तेवढंच.

वर्गात ते तोंड उघडायचे नाहीत, पण पाच वाक्यं कधी चुकवली नाहीत. पेन्सिलीनं, एकेक अक्षर कोरल्यासारखं. पहिल्या आठवड्यात लिहिलं, ‘आय अलोन ईट ऑलवेज’. सुचेतानं लाल पेनानं बाण काढून ऑलवेजला उचललं आणि जागेवर नेऊन बसवलं: आय ऑलवेज ईट अलोन. पुढच्या आठवड्यापासून हांगाई-सानचा ऑलवेज कधी चुकला नाही. आपला विद्यार्थी असा पटकन सुधारला की शिकवणाऱ्याला जो आनंद होतो तो तिला झाला. ओवीच्या शाळेच्या वह्यांत बाई चांगल्या कामावर लाल गोलाभोवती पाकळ्या काढून फूल काढायच्या, हानामारू म्हणायचे त्याला. सुचेतानं तसंच एक फूल हांगाई-सानच्या पानावर काढलं. म्हाताऱ्यानं ते बघितलं आणि कानापर्यंत लाल झाला.

मग फुलांचा सपाटाच लागला. आय युज्वली वेक अप ॲट थ्री. फूल. आय हार्डली स्लीप. हार्डलीचा इतका नेमका उपयोग! तिनं तो फळ्यावर लिहून सगळ्या वर्गाला दाखवला, "बघा, हांगाई-सानकडून शिका." आय समटाइम्स फर्गेट टु ईट. आय रेअरली ओपन द कर्टन. फूल, फूल.

एकदाच तिनं त्यांचं वाक्य खोडलं. त्यांनी लिहिलं होतं, द काऊज आर ऑलवेज क्राइंग. "हांगाई-सान, गाई रडत नाहीत हो," सुचेता सगळ्यांदेखत म्हणाली. "माणसं रडतात. गाई हंबरतात." आणि तिनं हंबरून दाखवलं. वर्ग खो खो हसला. मोरिताबाईंनी डोळे पुसले. हांगाई-सानही हसले, मान लववून ‘थँक यू’ म्हणाले, आणि घरून ते वाक्य दहा वेळा बरोबर लिहून आणलं.

सप्टेंबरात ते दोन मंगळवार आले नाहीत. सुचेतानं हजेरीत दोन फुल्या मारल्या. तिसऱ्या मंगळवारी केंद्रातल्या मुलीनं बाजूला घेऊन सांगितलं. हृदय बंद पडलं होतं. इमारतीतल्या शेजाऱ्याला पत्रपेटी भरलेली दिसली म्हणून कळलं, तोवर पाच दिवस झाले होते. फार बारीक झाले होते म्हणे, आणि घरात तांदळाचा कणही नव्हता.

तपासून परत द्यायची राहिलेली त्यांची वही तिच्या घरीच होती, ती तिनं त्या दिवशी काढली. आठवड्याला पाच ओळी वाचणं वेगळं, आणि दहा महिन्यांच्या ओळी एका बैठकीत वाचणं वेगळं. ती शेवटपर्यंत वाचत गेली. त्या वहीत इंग्रजी नव्हतंच. एक माणूस दर आठवड्याला, वेळ नेमून, आपण कसे संपत चाललो आहोत ते सांगत होता. ज्या बाईला तो सांगत होता ती त्यावर फुलं काढत होती. शेवटच्या पानावर होतं: आय स्टिल हिअर देम. आय नेव्हर वाँट टु गो बॅक देअर. त्याखाली सगळ्यात मोठं फूल, सात पाकळ्यांचं.

"मला वाटलं सराव आहे," बुधवारी जेवताना ती श्यामला म्हणाली. तिच्या पानातली पोळी तशीच होती. "मीच सांगितलं होतं ना, खरं नसलं तरी चालेल म्हणून. मोरिताबाई पॅरिसला जात होत्या रे! मला काय कळणार?"

"तुझा काय दोष यात?" श्याम म्हणाला. "आणि उद्या त्या बाईसमोर हे सगळं वाचायचं नाही, सांगून ठेवतो. सत्तरीची बाई आहे. नवरा उपाशी मेला हे ऐकून तिला काय मिळणार आहे? सांग काहीतरी चांगलं. बरे होते, रमले होते. झालं."

"आणि अस्थींचं?"

"तेवढं सांग खरं. बाकीचं कशाला?"

हे तिला पटलं. खरं तर कोणी असं म्हणावं म्हणूनच तिनं विषय काढला होता.

गुरुवारी दोनला दोन मिनिटं कमी असताना बेल वाजली. तोमिए हांगाई ठेंगणीशी, पाठीत वाकलेली, काळ्या कोटातली बाई होती. दारातच कमरेत वाकून तिनं निइगाताच्या तांदळाच्या बिस्किटांचा डबा पुढे केला. सुचेतानं चहा ठेवला, गादी सरकवली, पाऊस, गाडी, लेक, नातवंडं, सगळं विचारून झालं. आणखी काय विचारावं ते सुचेना, तेव्हा तिनं उठून टॉवेलांखालून वही आणली.

तोमिएनं ती दोन्ही हातांत घेतली आणि उघडली. आणि तिचा चेहराच बदलला.

"अय्या, हानामारू!" ती म्हणाली. तिनं पान उलटलं, आणखी एक उलटलं. "सगळीकडे! अहो, शाळेत या माणसाला एकही मिळालं नव्हतं. फोनवर बोलले नाहीत कधी." ती हसत होती आणि तिचे डोळे भरले होते. "म्हणजे चांगलं चाललं होतं त्यांचं. मला आपलं वाटत राहायचं... सांगा ना सेन्सेई, काय लिहिलंय? पहिल्यापासून सांगा."

सुचेतानं वही घेतली. पहिलं वाक्य समोर होतं. आय ऑलवेज ईट अलोन.

"मी नेहमी," ती म्हणाली, आणि थांबली. "मी नेहमी वेळेवर जेवतो."

"हं," तोमिए म्हणाली.

"मी बहुतेक सहाला उठतो. मी पुष्कळदा नदीकाठी फिरायला जातो. मी कधीकधी शेजाऱ्यांशी बुद्धिबळ खेळतो." बाई जी सुटली ती सुटली. अकरा वर्षांच्या शिकवण्यात अशी वाक्यं तिनं हजारो केली होती, ती आपली ओठांवर येत गेली, एकापाठोपाठ एक, गुळगुळीत. तोमिए डोळे मिटून मान डोलवत होती. तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरताना दिसत होतं, आणि ते बघून सुचेतालाही हलकं वाटायला लागलं होतं. असं हलकं तिला महिनाभरात वाटलं नव्हतं.

"आणि गावाबद्दल?" तोमिएनं विचारलं. "गावाबद्दल काही?"

इथे खरं सांगायचं होतं. ठरलं होतं तसं. पण फिरायला जाणारा, बुद्धिबळ खेळणारा, वेळेवर जेवणारा माणूस एकदम ‘मला तिथे कधीच परत जायचं नाही’ असं कशाला म्हणेल? का, म्हणून तिनं विचारलं असतं तर? मग सगळंच उघडं पडलं असतं.

"मला गावाची आठवण येते," सुचेता म्हणाली. "मी लवकरच परत जाईन."

तोमिएनं गादीवरून खाली सरकून कपाळ जमिनीला टेकवलं.

"सुटले मी," वर येऊन ती म्हणाली. "या वसंतात गाव उघडलं, तेव्हापासून विचारत होते त्यांना, की आपलं पुढे काय करायचं. ‘बघू’ म्हणायचे. नुसतं बघू. पण तुम्हाला लिहिलं होतं. आता रविवारी एकोणपन्नासावा दिवस आहे, अस्थी ठेवायचा, तर आमच्याच घराण्याच्या कबरीत ठेवते त्यांना. गोठ्याच्या मागच्या चढावर आहे, दहा पावलांवर. आपल्या गाईंजवळ राहतील."

"गाईंजवळ?" सुचेतानं विचारलं.

"अकरा होत्या. बस आली तेव्हा दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे म्हणाले, म्हणून तशाच बांधून निघालो. तीन दिवसांचा चारा घातला होता त्यांनी. संध्याकाळची धार राहिली होती, आचळं ठणकत असतील, सगळ्या ओरडत होत्या. बस वळेपर्यंत ऐकू येत होतं." ती चहाच्या पेल्याकडे बघत बोलत होती. "त्याच वर्षी जूनमध्ये दोन तास आत सोडलं, किरणोत्सारापासून बचावाचे पांढरे कपडे घालून. मला म्हणाले, तू बाहेर थांब. एकटेच गोठ्यात गेले. बाहेर आले ते त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, शेवटपर्यंत. मला वाटायचं, विसरले असतील. तुम्हाला लिहिलं का काही त्यांनी गाईंचं?"

सुचेताला सगळं आठवलं. वर्गातलं ते हसणं, स्वतःचं हंबरणं, मान लववलेला म्हातारा. आणि आता आपण काय करून बसलो! जिथला आवाज त्या माणसाच्या कानातून सहा वर्षं गेला नाही, तिथेच, दहा पावलांवर, त्याला आपल्या तोंडच्या एका वाक्यानं कायमचं ठेवणार होते.

"हांगाई-सान," ती तोमिएला म्हणाली. "मी खोटं वाचलं."

तोमिएला नीट कळलं नसावं. ती थोडी पुढे वाकली.

"सगळंच खोटं वाचलं. मला माफ करा. यात तसं काही नाहीये." आणि आता थांबलो तर पुन्हा धीर होणार नाही, म्हणून सुचेतानं पहिलं पान उघडून बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. आधी इंग्रजी, मग जपानी. मी नेहमी एकटाच जेवतो. मी बहुतेक तीनला उठतो. मला झोप अशी लागतच नाही. मी कधीकधी जेवायचं विसरतो. मी क्वचितच पडदा उघडतो. ती कुठेच थांबली नाही. गाईंचं वाक्य आलं तेव्हा तिनं आपण केलेली दुरुस्तीही सांगितली, वर्ग हसला तेही सांगितलं. शेवटच्या पानावरचं वाचलं: अजूनही त्या मला ऐकू येतात. मला तिथे कधीच परत जायचं नाही.

खाली कुठेतरी शाळा सुटल्याची घंटा झाली. सुचेताला वाटलं, आता ही ओरडेल, वही फेकेल. ओरडावं तिनं. कोणीतरी ओरडायला हवं होतं.

"हे दर आठवड्याला तुमच्याकडे यायचं?" तोमिएनं विचारलं.

"हो."

"आणि तुम्ही वाचायचात?"

"हो. फक्त चुका आहेत का ते बघायची. मला वाटलं नुसता सराव आहे. मी विचारलं नाही. एकदाही विचारलं नाही त्यांना, हे खरं आहे का म्हणून." सुचेता रडायला लागली. पाहुणीसमोर रडू नये एवढं तिला कळत होतं, पण रडू काही थांबेना.

तोमिएनं तिला रडू दिलं. मग हळू आवाजात, दुसऱ्या कोणाची हकिगत सांगावी तशी ती म्हणाली, "दर रविवारी सातला मी फोन करायचे. जेवलात का, असं विचारायचे. हो म्हणायचे. मग मी नातवंडांचं सांगायचे, वीस मिनिटं." ती थांबली. "‘हो’ म्हणायला त्यांना वेळ लागायचा. ते मला कळायचं. कळायचं हो मला."

तिनं पेला बाजूला सारला, वही रुमालात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. अस्थी निइगातालाच नेते म्हणाली, लेकीच्या घराजवळ देऊळ आहे, तिथे विचारून बघते. भटजींना रविवारचं रद्द म्हणून आजच कळवायला हवं. गावातले दीर काय म्हणतील कोणास ठाऊक, पण म्हणू देत. हे सगळं ती बूट घालता घालता सांगत होती, आणि सुचेता नाक पुसत, भिंतीला धरून उभी होती.

दारात तोमिए वळली, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून पूर्ण वाकली आणि इथल्या रीतीनं म्हणायचं ते वाक्य तिनं म्हटलं, एकेक शब्द नीट उच्चारून, "माझ्या यजमानांना तुम्ही फार सांभाळलंत. मी तुमची अतिशय आभारी आहे."

"अहो, नका ना असं म्हणू!" सुचेता मराठीतच ओरडली. मग जपानीत म्हणाली, "मी नाही सांभाळलं त्यांना."

तोमिएनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण म्हणायचं असतं."

आणि ती लिफ्टकडे गेली, बटण दाबून पाठमोरी उभी राहिली, आणि लिफ्ट येईपर्यंत तिनं मागे वळून बघितलं नाही.